पट्टा लिंबात असताना

तीसेक वर्षं मी लग्नांचे फोटो काढतोय. रोलच्या जमान्यात शिकलो, त्यामुळे बटण एकदाच दाबायचं आणि नेमका क्षण पकडायचा, याची मला भारी घमेंड. सेकंदाला तीस फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांना मी नावं ठेवायचो. 'ही फोटोग्राफी आहे की मशीनगन?' असं नव्या फोटोग्राफरांना भर मांडवात ऐकवायचो.

ती घमेंड माझ्या लेकीनं उतरवली.

ती पेठेतल्या तालमीत मर्दानी खेळ शिकते. तळहातावर ठेवलेलं लिंबू दांडपट्ट्यानं कापायचं, हातावर ओरखडाही न उमटवता, यात तिचा हात धरणारं कुणी नाही. वस्तादांचा नियम कडक आहे. लिंबू घरच्याच माणसाच्या हातावर ठेवायचं, परक्याचा हात जोखमीला लावायचा नाही. घरात आम्ही तिघंच. मी म्हटलं, "मी हात धरला तर फोटो कोण काढणार?" बायकोनं हात पुढं केला. तेव्हापासून दरवर्षी तालमीच्या प्रात्यक्षिकांना ती बँकेत रजा टाकून चौकात उभी राहते.

दोन वर्षं मी फोटो काढले. दर वेळी एकतर अख्खं लिंबू, नाहीतर खाली पडलेल्या दोन फोडी. कागलहून आलेल्या एका पाहुण्यानं ते बघितले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "लिंबू आदीच कापून चिकटवल्यालं असतंय की! न्हायतर मधला फोटो कुटं हाय?"

लेक ताटावरून उठली. "पप्पा, मी खरं लिंबू कापतो आणि तुमच्या फोटोनं माझं खोटं ठरतंय."

ते मला फार लागलं. नावं ठेवलेला तसलाच कॅमेरा मी विकत घेतला. यंदा तो तिवईवर लावला आणि शेजारी उभा राहिलो. हलगीनं जोर धरला, पट्टा फिरायला लागला, तसं मी बटण दाबून धरलं.

दुपारी घरच्या टीव्हीवर फोटो लावले. पाहुण्याला मुद्दाम बोलावलं होतं. एकामागून एक नुसतं अख्खं लिंबू. मग एकच फोटो असा, की पातं लिंबाच्या मध्यावर, रसाचे थेंब हवेत आणि खाली तळहात जसाच्या तसा. त्याच्या पुढच्या फोटोत फोडी सुटलेल्या. बाकीचे शंभरेक फोटो बिनकामाचे, पण हवा होता तो सापडला.

"व्हय, आक्कंच हुतं," पाहुणा म्हणाला. "चुकलं माझं, पोरी."

माझी छाती फुगली. तेवढ्यात लेक म्हणाली, "आईचं डोळं बघा की!" आम्ही पुन्हा सगळे फोटो बघितले. बायकोची पापणी एकाही फोटोत लवलेली नव्हती.

"पप्पा, पट्टा लिंबात शिरताना कसा दिसला वो?"

आता मात्र मला कबूल करावं लागलं. मी तो कधीच बघितलेला नाही. त्या क्षणी दर वेळी माझे डोळे घट्ट मिटतात. जुन्या कॅमेऱ्यावर म्हणूनच तो फोटो मिळाला नाही. यंदाही मिटले होते, फक्त बोट बटणावर राहिलं.

"मला म्हाईत हाय," बायको हसत म्हणाली. "लिंबाकडं कोण बघतंय? मी तुमच्याकडंच बघत हुतो."

तो फोटो आता माझ्या स्टुडिओत दर्शनी भिंतीवर आहे. कुणी काढला, असं गिऱ्हाईक हमखास विचारतं. मी सांगतो, पट्टा लेकीचा, हात बायकोचा. कॅमेरा तेवढा माझा.