चौबळ सरांचे चाळीस तारे

आमच्या फिजिक्स डिपार्टमेंटच्या गोष्टी सुरू केल्या की बायको म्हणते, "पुरे आता! सुखानं पेन्शन खाऊ द्या तुमच्या सरांना." पण मी काय करू? सुरतेच्या त्या कॉलेजात मी सहा वर्षं पीएचडी केली. रोज एक नवा किस्सा पदरात पडायचा.

आमचे गाइड चौबळ सर. विषय भारी! लांबवर एखादा तारा फुटतो, मध्ये एखादी आकाशगंगा येते आणि भिंगासारखी त्याचा उजेड वाढवते. मोठ्या दुर्बिणीनं आकाश तपासलं तर वर्षाला असे किती तारे सापडतील, हे आम्ही आधीच सांगायचं. गोष्ट नव्वदच्या दशकातली. तोवर असा एकही तारा कुणाच्या हाती लागला नव्हता, त्यामुळे सरांना खोटं पाडणारंही कुणी नव्हतं.

*

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "उत्तर चाळीस आहे. तू प्रोग्राम लिही."

"सर, आधी प्रोग्राम चालवून बघूया ना?"

"दुसऱ्या ग्रुपनं पस्तीस सांगितलेत! आपण काय कमी आहोत?"

*

सरांच्या हिशेबात वर्षाच्या सगळ्या रात्री निरभ्र होत्या. मी विचारलं, "ढगांचं काय?"

"दुर्बीण परदेशात आहे. तिकडचे लोक शिस्तीचे असतात!"

*

एकदा प्रोग्राम दिवसभर चालला आणि सदतिसाव्या ताऱ्याला लाइट गेली. मी कपाळाला हात लावला. सर मात्र शांत. "उरलेले तीन धरून चाल. आपली लाइट गेली म्हणून तारे फुटायचे थांबतात का?" तेच तीन तारे पुढे रिसर्च पेपरात छापून आले.

*

मी सुरतेतल्याच डिंडोलीत, खानदेशी वस्तीत, थोरल्या भाऊकडे राहायचो. भाऊ कापडाच्या मिलमध्ये चेकर. खिशात कायम धागे मोजायचं घडीचं पितळी भिंग. एकदा जेवताना त्यानं विचारलं, "कितला तारा सापडनात रे?"

"अजून एकही नाही."

"मंग तुमनं भांडन कसानं शे?"

मी त्याला पस्तीस-चाळीसचा वाद आणि आकाशातल्या भिंगाचा हिशेब समजावला. त्यानं भिंग काढून सतरंजीवर ठेवलं. "हाई देख. भिंग लावं का डाग मोठा दिसस, पन कापड कमी दिसस. ते कमी धरं का तुमना सरनी?"

माझा घास हातातच राहिला. सरांनी वाढलेला उजेड धरला होता, पण भिंगामागचं आकाशही ताणलं जातं, म्हणजे खरं तपासलेलं आकाश कमी भरतं, हे धरलंच नव्हतं! सातवी नापास भाऊला जे दिसलं ते डॉक्टरेटवाल्यांना दिसेना. मलाही दिसलं नव्हतं, हे कबूल करतो.

*

मी चूक दुरुस्त केली. उत्तर आलं चार. सर भडकले, "चार ताऱ्यांना कोण विचारतं?" माझ्या कागदावर लाल पेनानं लिहिलं, 'चूक. भिंगानं आकाश कमी होत नाही. उत्तर चाळीसच.' खाली झोकदार सही आणि तारीख. प्रबंधावर मात्र वर्षभर सही केली नाही. सही नाही तर पीएचडी नाही, पीएचडी नाही तर लेक्चररची जागा नाही. रोज त्यांच्या केबिनबाहेर उभं राहताना मला स्वतःचीच लाज वाटायची.

*

मग एक मोठे पाहुणे प्राध्यापक सेमिनारला आले. सरांनी ऐटीत चाळीस तारे दाखवले. पाहुण्यांनी शांतपणे विचारलं, "भिंगामुळे मागचं आकाश कमी भरतं. ते वजा केलंत का?"

 सर गर्रकन माझ्याकडे वळले. "काय रे, इतकी साधी गोष्ट तू विसरलास? अशानं सही कशी करू मी?"

मी उठलो आणि फाइलमधला तो वर्षापूर्वीचा कागद पाहुण्यांपुढे ठेवला. त्यांनी चार ताऱ्यांचा हिशेब वाचला, मग लाल अक्षरं वाचली.

"ही सही कुणाची?"

सरांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "फार बारीक आहे हो. नीट दिसत नाही."

भाऊचं भिंग त्या दिवशी माझ्या खिशात होतं. मी घडी उघडली आणि ते बरोबर सहीवर ठेवलं.