निखळलेला खांदा आणि सुजातावहिनी

दादाचा फोन आला तेव्हा मी केडगावच्या मैदानावर घसा फुटेस्तोवर ओरडत होतो. आमच्या मंडळाच्या पोरांची शेवटची चढाई होती, गुण बरोबरीत होते, आणि खिशातला मोबाईल कधीचा थरथरतोय याचं मला भानच नव्हतं. चढाईवाला पोरगा चौघांना अंगावर घेऊन मध्यरेषेला टेकला, पंचांनी शिट्टी फुंकली, मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. त्या गलक्यात मी फोन कानाला लावला आणि दादाला तोंड उघडू न देता सांगून टाकलं, "दादा, जिंकलो! वहिनींना सांग, जिंकलो!" पलीकडून दादा म्हणाला, "कुनाला सांगू रं... गेली ती."

कावीळ काय, पुण्याच्या दवाखान्यात नेणं काय, सगळं पंधरवड्यात आटोपलं. आदल्या दिवशी मी त्यांच्या उशाशी बसलो होतो तर मला हाकलून दिलं त्यांनी. "भावजी, तुम्ही इथं बसून काय माझी कावीळ उतरवणार आहात? पोरांकडं जा. आणि निकाल लगेच कळवा, उगाच लटकत ठेवू नका मला." डोळे हळदीसारखे पिवळे, पण आवाजातली जरब तीच. आता महिना उलटलाय. शोकसभेत माणसं रडली, भाषणं झाली, कुणी 'मायेची सावली' वगैरे म्हणालं. मला ते पटलं नाही. सुजातावहिनी कसल्या सावली! त्या म्हणजे मे महिन्याचं दुपारचं ऊन होत्या. त्यांची आठवण आली की माझ्या अंगात चढाईला उतरण्याआधीची ती सळसळ सुरू होते. म्हणून रडगाणं न गाता, जसं आठवतंय तसं लिहितोय.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्या शिरूरहून लग्न होऊन आमच्या दौंडच्या घरात आल्या. वडील शिक्षक, त्यांनी पोरीला पुण्यात फिजिओथेरपी शिकवलेली. आमच्या घरात बाईमाणूस नव्हतं. आई आधीच गेली होती. दादा रेल्वेत, मी कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टवर, आणि उरलेला सगळा वेळ कबड्डी. फिजिओथेरपिस्ट हा शब्द आमच्या वस्तीत कुणाच्याच जिभेवर बसेना. दोन-चार दिवस लोकांनी प्रयत्न केला आणि मग सोपा शब्द शोधला... मालिशवाली. "शिकून शिकून मालिश शिकली व्हय?" असं कुणीतरी नळावर त्यांच्या तोंडावर विचारलं. वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्या हंडा भरून गुपचूप घरी आल्या आणि माझ्यावर डाफरल्या. घरात राग काढायला हक्काचा दीर असतो, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

त्या वर्षीच्या जयंतीच्या स्पर्धेत, आमच्याच मैदानावर, माझा खांदा निखळला. मी मंडळाचा मुख्य चढाईपटू. थोडी फुशारकी मारतो, चालवून घ्या, पण मी चढाईला निघालो की समोरच्या कोपऱ्यातले गडी मागं सरकायचे. त्या दिवशी मात्र एकानं घोटा धरला, मी तोंडावर पडलो, मध्यरेषेकडं उजवा हात ताणला, आणि ताणलेल्या हातावर दुसरा गडी धप्पकन आला. आतून खट झालं. आवाज मला एकट्यालाच ऐकू आला असेल, पण मला वाटलं अख्ख्या दौंडनं ऐकला. हात अंगाला टेकेना, खाली सोडवेना. डाव्या हातानं तो लहान पोरासारखा कवटाळून मी बसून राहिलो.

आणि मग जे प्रत्येक मैदानावर व्हायचं तेच सुरू झालं. प्रत्येकजण डॉक्टर. कुणी झेंडूचं बाम आणलं, कुणी गरम तेल आणा म्हणून ओरडला, कुणी बोटं ओढायला लागला. आमचे प्रशिक्षक आप्पा, जुने पैलवान, रेल्वेच्या शेडमधून निवृत्त झालेले, त्यांनी तर मला आडवं पाडलं, टाच माझ्या काखेत रोवली आणि मनगट धरून म्हणाले, "डोळं मीट. येका हिसक्यात बसवतो." आप्पांनी असे कितीतरी खांदे बसवले होते. मी डोळे मिटले.

"आप्पा, हात सोडा!"

बायकांच्या बाजूनं आवाज आला. डोळे उघडले तर पदर खोचून नवी नवरी मैदानाच्या मधोमध चालत येत होती. आमच्या आप्पांना असं खडसावायची पंचांचीसुद्धा छाती नव्हती. वहिनी माझ्याजवळ गुडघ्यावर बसल्या, आवाज खाली आणला. "आप्पा, आधी मला बघू द्या." त्यांनी बनियन कापायला लावलं आणि पहिल्यांदा माझा डावा, धडधाकट खांदा पाहिला. मला वाटलं, या घाबरून बाजू चुकल्या! मग उजवा पाहिला. आप्पांना म्हणाल्या, "दोन्ही शेजारी ठेवून बघा. हा गोल आहे. ह्याची गोलाई गेली, टोक वर आलंय आणि खाली खळगा पडलाय. सांध्यातून निसटलाय." मनगटाची नाडी पाहिली, बोटांना हात लावून "कळतंय का?" विचारलं. "मंग बसव की," आप्पा म्हणाले. "ते माझं काम न्हाई, आप्पा. डॉक्टरचं. आत हाड मोडलं असलं आन् आपण हिसका दिला तर हात जन्माचा जाईल. माझं काम नंतर." भडकल्या किंवा भ्यायल्या की वहिनींच्या शुद्ध मराठीत शिरूर डोकवायचं. कुणाच्या तरी ओढणीची झोळी करून त्यांनी माझा हात जसा होता तसा बांधला आणि जीपमधून दवाखान्यात नेलं. एक्स-रेच्या फोटोत हाडाचा टवका उडालेला दिसला. डॉक्टरांनी गुंगी देऊन खांदा बसवला आणि हिसका दिला नाहीत हे बरं केलंत म्हणाले. दादा ते ऐकून फक्त हसला. त्याच्या चेहऱ्यावर बायकोचा असा काही अभिमान होता की माझं दुखणं मी क्षणभर विसरलो.

पण गावाला फोटो कुठे दिसतो? गावाला दिसलं ते एवढंच की मंडळाचा वाघ गळ्यात झोळी बांधून बसलाय. झोळी सुटली तरी वहिनी मैदानावर जाऊ देईनात. तेल लावायचं नाही, चोळायचं नाही. खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब बांधली आणि ती रोज ओढायला लावली. कोपर बरगडीला चिकटवून, हळू, अजून हळू. "भावजी, गाय पिळताय का? सावकाश!" मी वैतागून म्हणायचो, "वहिनी, या ट्यूबपेक्षा सायकल बरी, निदान कुठंतरी पोचतो." आप्पांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. एके संध्याकाळी ते मंडळातली पोरं घेऊन घरीच आले. "सूनबाई, लय झालं. माझ्या वळखीचा हाडवैद्य हाय, चार दिवस चोळंल, पोरगं उभं ऱ्हाईल." वहिनी दारात उभ्या राहिल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "या खांद्याला कुणी हात लावायचा नाही. पुढच्या शिरूरच्या स्पर्धेत भावजी शेवटपर्यंत खेळतील. नाही खेळले, तर मी परत मैदानावर पाऊल ठेवणार नाही." मी आतून ऐकत होतो. माझ्या खांद्यावर आता त्यांचं नाव लागलं होतं, आणि ते हाडाच्या टवक्यापेक्षा जास्त जड होतं.

शिरूरची स्पर्धा! काय सांगू तुम्हाला! ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून माणसं आली होती, झाडांवर पोरं, आणि त्यांचं माहेर म्हणून वहिनी पहिल्या रांगेत. मी उपांत्य सामन्यात असा खेळलो की निखळण्याआधीही तसा खेळलो नसेन. अंतिम सामना निमोणे गावच्या संघाशी. त्यांचा कर्णधार कैलास, पकडीचा पक्का, माणूस कसला खांबच. पूर्वार्धात त्यांनी आमच्यावर लोण चढवला, उत्तरार्धात आम्ही परतवला. बरोबरी! शेवटची काही मिनिटं उरली असताना मी चढाईला गेलो, कैलासनं उजवं मनगट धरलं, मी गिरकी घेतली, सुटलो, दोन गडी बाद करून रेषेवर आलो. मैदान पेटलं. मी हात उंचावून नाचायला गेलो... आणि हात उंचावला नाही. अर्ध्यावर थांबला. मी तो पोटाशी घेतला आणि हसत राहिलो, कुणाला कळू नये म्हणून.

एकीला कळलं. वहिनी रेषेशी आल्या. "भावजी, चेंडू फेकताना नेतात तसा हात वर करून मागं न्या." मी म्हणालो, "वहिनी, एवढा सामना संपू दे." "न्या." मी सुरुवात केली आणि माझा चेहराच बोलला असणार. निसटेल, आत्ता निसटेल, अशी ती भीती ज्याला ठाऊक आहे त्यालाच ठाऊक. "बाहेर," वहिनी म्हणाल्या. आप्पा धावत आले. "येडी का खुळी तू? पुढं हाय आपण! आन् तुझा शबुद? गावापुढं बोलली व्हतीस!" वहिनींचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं. पण आवाज हलला नाही. "जाऊ द्या शब्द. खांदा राहू द्या." मी बाहेर बसलो. आम्ही एका गुणानं हरलो. दौंडात जीपमधून उतरताना कुणीतरी मागून म्हणालं, "मालिशवालीनं कप घालवला." मला त्याचा गळा धरावासा वाटला, पण खरं सांगायचं तर रागाचा अर्धा वाटा माझ्याही मनात होता.

वहिनींनी मैदानावर येणं बंद केलं. बोलल्या तसं वागल्या. घरात भांडी आपटायच्या, दादाला बोलायच्या, मला ट्यूब ओढायला लावायच्या, पण मैदानाचं नाव नाही. आणि मग एका रविवारी सकाळी दारात बुलेट थांबली. कैलास! त्याच्या मागं निमोण्याचे आणखी दोघे. मला वाटलं, खिजवायला आले. कैलास चपला काढून आत आला, वहिनींसमोर खाली मान घालून म्हणाला, "वैनी, माझा डावा खांदा रोज रातचा ठणाकतो. हात वर न्यायला गेलं की मधीच कळ निघती. कुनाला बोललो न्हाई. बोललो तर संघातनं काढत्याल." "मग माझ्याकडं का आलात?" वहिनींनी विचारलं. "तुम्ही तर आमचा संघ हरवलात." कैलास म्हणाला, "म्हनून तर आलो. जिनं घरचा माणूस फायनलमधनं काढला, ती परक्याला खोटं सांगायची न्हाई."

वहिनी आत गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या असतील. त्या बाहेर आल्या त्या हातात सायकलची आणखी एक ट्यूब घेऊन! चेहरा असा फुललेला की लग्नाच्या फोटोतही तसा नाही. निमोण्याहून एक आला, मग शिरूरहून, मग कुरकुंभच्या कारखान्यातले व्हॉलीबॉलवाले. शेवटी आप्पा आले. ओट्यावर बसले, बराच वेळ हवापाण्याचं बोलले, आणि मग म्हणाले, "माझा बी उजवा वर जात न्हाई. तालमीपासनं. अंगरखा घालताना डोळ्यातनं पानी येतं." वहिनींनी त्यांचा डावा खांदा आधी पाहिला. आप्पांनी मग आपणहून उजवा पुढं केला. निघताना म्हणाले, "सूनबाई, रविवारी सामना हाय. तू ये. शबुद तू आमच्यापुढंच दिला व्हतास न्हवं? आमीच तुला त्यातनं मोकळी केली."

तिथून पुढची वर्षं म्हणजे नुसती धमाल. सामना कुठेही असो, वहिनी आधी गारेगारवाल्याला गाठायच्या. त्याचा बर्फ फडक्यात बांधून सुजलेल्या मनगटावर ठेवायचा, उघड्या कातडीवर नाही, आणि ताज्या माराला शेक नाही, मालिश नाही. तो बिचारा म्हणायचा, "ताई, पोरांनी गारेगार खायचं का लावायचं?" कुणाचं बोट चेंडू लागून वाकलं आणि टोक सरळ होईना, की ओढणाऱ्याच्या हातावर फटका, आणि आइस्क्रीमची काडी बांधून पोराची रवानगी दवाखान्यात. कुणी पडला आणि मान एका बाजूला झुकवून कोपर धरून उठला, की लांबूनच ओरडायच्या, "गळपट्टीचं हाड! झोळी आणा!" बहुतेक वेळा बरोबर असायच्या. चुकल्या तरी तेवढ्याच जोरात चुकायच्या. सामन्यात आमची बाजू हरली की पंचांना शिव्या घालण्यातही त्या मागं नव्हत्या. माझा खांदा बरा होऊन मी आणखी कितीतरी हंगाम खेळलो, तेव्हा सर्वात मोठा आवाज त्यांचाच असायचा.

त्यांना दौंडला आणलं तेव्हा अंगणात उभं राहायला जागा नव्हती. त्रिशरण-पंचशील झालं. तिरडी उचलायची वेळ आली आणि निमोणं, शिरूर, केडगाव, कुरकुंभ, सगळीकडचे खेळाडू एकदम पुढं झाले. "मला लागू दे." "तू नगं, तुझा उजवा गेल्या साली निसटला व्हता, तू त्या बाजूला जा." "माझा बरा झालाय, त्यांनीच सांगितलं व्हतं." "मग हात वर करून दाव." "कैलास, तुझा डावा!" बघता बघता तिरडीभोवती हमरीतुमरी सुरू झाली. मोठमोठे बाप्ये गडी, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि एकमेकांचे खांदे चाचपून भांडतायत. दादा इतका वेळ दगडासारखा उभा होता. तो पुढं आला, दोन्ही हात वर करून म्हणाला, "भांडू नका रं. कुनी कुठल्या बाजूला लागायचं ते तिलाच इचारू..." आणि तिरडीकडं वळला, उत्तर यायची वाट बघावी तसा.

मी पुढं जाऊन उजवा खांदा लावला. मध्ये दोन-तीनदा लोक म्हणाले बदल, पण मी नदीपर्यंत बदलला नाही. खांदा जरासुद्धा दुखला नाही. हे वहिनींना सांगायचं राहिलं.