बोअरच्या पाइपातली तार

सासऱ्यांशी माझं रोज सकाळी सहा वाजता भांडण व्हायचं आणि त्यांना त्याचा पत्ताही नसायचा. सहाच्या ठोक्याला ते अंगणात जाऊन बोअरच्या मोटारीचं बटण दाबायचे. बोअरपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत गेलेला पाइप दुसऱ्या मजल्यावर माझ्या खोलीच्या खिडकीला अगदी लागून होता. मोटार सुरू झाली की पाइप दोन-तीनदा ठसकायचा, त्यातून नुसती हवा जायची, आणि मिनिटभरात अण्णा बटण बंद करायचे. "आज नाय, उद्या यील," एवढं स्वतःशी बोलून ते चहाला बसायचे. बोअर आटून तिसरं वर्ष चालू होतं. एक दिवस मोटार जळणार आहे, हे मी उशीत तोंड खुपसून त्यांना रोज सुनवायची.

अण्णा मूळचे फुलंब्रीकडचे. अर्धं आयुष्य मेंढ्यांमागं आणि उरलेलं शेतात गेलं. मुकुंदवाडीच्या पलीकडं आम्ही प्लॉट घेतला तेव्हा तिथं बाभळीच होत्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून अण्णा अख्ख्या प्लॉटभर फिरले होते, आणि जिथं नारळ उभा राहिला तिथंच त्यांनी बोअर घ्यायला लावला. मला तो प्रकार पटला नव्हता, पण पाणी लागलं हे खरं. पुढं कितीतरी वर्षं गल्लीतली निम्मी घरं त्याच बोअरचं पाणी न्यायची आणि अण्णांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. मग बाभळी जाऊन चार-चार मजली फ्लॅट उभे राहिले, प्रत्येकानं आमच्याहून खोल बोअर मारला, त्यात पावसानं दडी मारली. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही आलं तर. आम्ही टँकरवर आलो. तेव्हापासून बोअरचा विषय निघाला की अण्णा उठून जायचे.

मी त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून एका विमा कंपनीच्या ग्राहकांचे फोन घ्यायची. लग्नानंतर सात वर्षांनी मिळालेली ही नोकरी, तिच्यावर माझा फार जीव होता. अडचण नेटची होती. राउटर खाली हॉलमध्ये, माझी खोली दोन स्लॅब वर. मधे जिन्यात मी एक एक्स्टेंडर लावला होता. तो खालचं वाय-फाय पकडून वर फेकायचा. मोबाइलवर दांड्या भरलेल्या दिसायच्या, पण बोलता बोलता आवाज तुटायचा. एकदा एक बाई नवऱ्याला ऑपरेशनला आत नेलंय म्हणून रडत सांगत होती आणि कॉल तुटला. तिनं तक्रार केली, आणि ती बरोबरच होती.

साहेबांचा निरोप आला. सोमवारी दहा ते अकरा माझी लाइन तपासणार. एकदा जरी तुटली, तर पुढच्या महिन्यापासून पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं. पुणं म्हणजे नोकरी सोडणं, हे त्यांनाही माहीत होतं. खाली हॉलमध्ये बसावं तर कंपनीला बंद खोली हवी, आणि आमच्या हॉलमधून पाण्याच्या बादल्यांची ये-जा. राउटरच वर न्यावा, तर फायबरवाला "येतो, येतो" म्हणत आठवडाभर फिरकला नव्हता.

शनिवारी मी एक्स्टेंडर घेऊन औरंगपुऱ्यात गेले. दुकानदारानं तो उलटा करून बघितला. "मॅडम, इसमें तार का खाँचा है ना. नीचे से सीधा तार लाके इसमें दो. हवा का हवा में कित्ता फेंकेगा ये?" तारेचं भेंडोळं बांधून देताना त्यानं बजावलं, "लेकिन मोड बदलना पड़ता. भूलना नको." मी मान हलवली. माझं लक्ष जिन्यावरून तार कशी न्यायची याच्यात होतं.

आमचा जिना बाहेरून आहे. नवऱ्यानं शनिवारी संध्याकाळी जिन्याच्या कडेनं प्लास्टिकची पट्टी ठोकली, तिच्यात तार बसवली. रविवारी सकाळी तो शिफ्टला गेला, आणि नऊ वाजता टँकर आला. टँकरचा जाडजूड पाइप त्याच जिन्यावरून गच्चीवर ओढत नेतात, हे आम्हा दोन शिकलेल्या माणसांच्या डोक्यात आलं नव्हतं. पट्टी तारेसकट ओरबाडून निघाली, तारेचं टोक तुटून खाली नालीत पडलं. टँकरवाला म्हणाला, "ताई, इथं तार लावतेत का कुणी?" त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता, तरी मी ओरडले.

तुटकी तार घेऊन मी परत औरंगपुऱ्यात गेले. नशिबानं दुकानाचं शटर अर्धं वर होतं. त्यानं नवं टोक बसवून दिलं. पण आता तार न्यायची कुठून? फाटकातून आत शिरताना माझी नजर बोअरच्या पाइपावर गेली. राउटरच्या खिडकीपासून दोन हातांवर सुरू होणारा, भिंतीला क्लॅम्पनं आवळलेला, सरळ माझ्या खिडकीशी येणारा आणि आतून कोरडा ठाक. टँकरचा काय, कशाचाच धक्का त्याला लागणार नव्हता. फक्त खाली बोअरपाशी कापायचा आणि वर खिडकीशी भोक पाडायचं.

अण्णा जेवायला बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"पायपाला हात लावायचा नाय."

"अण्णा, उद्या दहा वाजता माझी नोकरी जाईल."

"दुसरीकडून ने तार. पानी आलं तर ते कुठून चढवायचं?"

"तीन वर्षं झाली," मी म्हणाले. "मेलाय तो बोअर. तुम्ही सोडून सगळ्या गल्लीला माहीत आहे."

ते ताटावरून उठले. अर्धी भाकरी तशीच राहिली. ते ताट उचलताना मला वाईट वाटलं, पण रागही गेला नव्हता. त्या माणसाला सुनेच्या नोकरीपेक्षा एक कोरडं भोक प्यारं आहे, असं मी नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं. तो "बघू" म्हणाला. तो नेहमी "बघू" म्हणतो.

सोमवारी सहा वाजता मला जाग आली, पण पाइप ठसकला नाही. पाच मिनिटं वाट बघितली. मग खाली गेले. अण्णा बोअरपाशी उकिडवे बसले होते, हातात करवत, धोतरावर पाइपाचा पांढरा भुगा. जमिनीपासून वीतभर वर त्यांनी पाइप कापला होता, दोन बोटांचा तुकडा काढून बाजूला ठेवला होता.

"वर भोक कुठं पाडायचं, खूण कर," माझ्याकडं न बघता ते म्हणाले. मी खूण करायला वर गेले.

भोक पाडून झाल्यावर सुतळीला नट बांधून मी तो वरच्या भोकातून खाली सोडला. "आला का?" मी विचारलं खिडकीतून, आणि उत्तर आलं पाइपातून, अगदी कानाशी: "आला. आता तार बांधतो. दमानं वढ." तार सरसर वर आली. साडेआठला एक टोक राउटरमध्ये होतं, दुसरं जिन्यातून काढून माझ्या टेबलावर ठेवलेल्या एक्स्टेंडरमध्ये. दिवे लागले. मी नवऱ्याला चहा टाकायला सांगितला.

दोन मिनिटांत सगळं बंद पडलं. वरचं नेट गेलंच, खालचंही गेलं. तार काढून पुन्हा लावली, राउटर बंद-चालू केला, पुन्हा तेच. पाइपातून अण्णांचा आवाज आला, "बाई, ह्या डब्याचे समदे दिवे येड्यावानी चमकायलेत." सव्वानऊ झाले होते. पाइप उगाच कापायला लावला हा विचार डोक्यातून जात नव्हता. नोकरी तर जाणारच, वर त्यांचा बोअरही मीच संपवला.

मग दुकानदार आठवला. मोड. एक्स्टेंडर अजून जुन्याच कामावर होता. हवेतून खालचं वाय-फाय पकडत होता आणि तारेतूनही तेच घेत होता, आणि एकातून आलेलं दुसऱ्यातून परत खाली ढकलत होता. तेच ते गोल फिरून सगळं तुंबलं होतं. मी तार उपटली. ओढणीची सेफ्टी पिन काढून मागच्या बारीक भोकात दाबून धरली, तेव्हा तो कोरा झाला. मोबाइलवर त्याचं सेटिंगचं पान उघडलं, यादीत 'ॲक्सेस पॉइंट' निवडलं. आता त्यानं हवेतून काही घ्यायचं नव्हतं. तारेतून येईल तेवढंच माझ्या खोलीत सोडायचं. तो बंद होऊन चालू व्हायला तीन मिनिटं लागली. ती तीन मिनिटं मी उभीच होते. मग तार लावली आणि पाइपाशी तोंड नेलं.

"अण्णा, दिवे कसे आहेत?"

"थांब." ते खिडकीशी जाऊन आले असावेत. "आता शाने झाले. एक हिरवा हाय, दमादमानं लुकलुकतोय."

दहाला दहा कमी होते. दहा ते अकरा मी अकरा फोन घेतले आणि एकही शब्द तुटला नाही. साहेब "ठीक आहे" म्हणाले, त्यांच्या तोंडून तेवढंच येतं. मी पाइपात वाकून म्हणाले, "झालं अण्णा." खालून आवाज आला, "बरं झालं." तासभर ते तिथंच बसून होते, खिडकीतून पाइपाकडं गेलेल्या तारेवर कुणाचा पाय पडू नये म्हणून.

त्यानंतर त्यांनी बटण कधी दाबलं नाही. मला मात्र सहाला जाग येतच राहिली.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस पडला, बऱ्यापैकी पडला. पोळा होऊन थोडे दिवस झाले होते. सकाळी मी टेबलाशी बसले होते आणि खिडकीशी पाइपाला पाडलेल्या त्या भोकातून बारीक आवाज आला: डुबुक. थोड्या वेळानं पुन्हा. मी खाली धावले. अण्णांनी बोअरचं झाकण सरकवलं होतं. हातात दोन-तीन खडे होते.

"पाणी आलंय?"

"व्हय."

"कधीपासनं?"

"पोळ्याच्या आधीपासून. पंधरा-वीस दिस झाले असतील."

मधल्या काळात आम्ही तीन टँकर घेतले होते. "मग बोलला का नाहीत?"

त्यांनी झाकण जागेवर ओढलं, हात धोतराला पुसले. "बोललो असतो तर तू तार काढली असती. तुझं चालू हाय ना नीट? मग ऱ्हाऊ दे."

मी त्या दिवशीची रजा टाकली. गाडी काढली, मागं अण्णांना बसवलं आणि हार्डवेअरच्या दुकानात गेले, बोअरला दुसरा पाइप घ्यायला. रस्ताभर माफी मागायची म्हणत होते. शेवटी दुकानातला माणूस पाइप मोजत असताना मागितली. अण्णांचं लक्ष टेपाकडं होतं.

"दोन फूट जास्ती घे," ते म्हणाले. "तुझ्या तारंपासून लांबून न्यावा लागंल."