बेटनी

शेजारच्या गोऱ्या बाईंचं अंगण पाहून मला वाटलं होतं, या घरात कोणी राहत नसावं. सगळ्यांच्या दारात बारीक कापलेली हिरवळ आणि यांच्याकडे गुडघ्याएवढं गवत, त्यात मधूनमधून जांभळे तुरे. ते रान त्यांनी स्वतःच्या हातानं लावलंय, हे नंतर कळलं.

मुलगा-सून कामावर आणि नात शाळेत गेली की घरात मी एकटी. मी चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही. बाई कुंपणाशी दिसल्या की मी आत पळायची. एकदा पळता आलं नाही. त्यांनी एक तुरा माझ्या हातात दिला. अगदी तुळशीच्या मंजिरीसारखा, देठही तसाच चौकोनी. हसून म्हणाल्या, "बेटी."

अमेरिकेतल्या या एडिसनमध्ये आपली माणसं इतकी, की गोऱ्या बाईला एवढा शब्द येणारच. आई गेल्यापासून मला कोणी लेक म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "हां जी."

त्या उन्हाळ्यात त्या रोज तुऱ्यांजवळ उभ्या राहून तेच म्हणायच्या आणि मी हां जी म्हणायची. आमचं बोलणं तेवढंच.

थंडी सुरू होताना तुरे वाळले. तुळशीच्या मंजिऱ्या खुडतो तसं खुडायला मी कुंपणावरून हात घातला, तर बाईंनी मनगट धरलं. वाळक्या तुऱ्यावर बसलेली चिमणी दाखवली. मग कुदळीनं गड्डा फोडून अर्धा आमच्या बाजूला लावला आणि नातीशी बराच वेळ बोलल्या.

"आजी, त्या मूव्ह होतायत, त्यांच्या डॉटरकडे. हे तू सांभाळ म्हणाल्या. आणि ना, त्या तुला बेटी नव्हत्या म्हणत. दॅट्स द प्लँट. बेटनी."

"मग मी हो म्हणायची ते?"

"त्यांना वाटलं तुला ते खूप आवडतं."

घरी सगळे हसले. मीही हसले.

बाई गेल्या. बर्फ वितळलं तेव्हा आमच्या कोपऱ्यात काळ्या काड्या आणि जमिनीला चिकटलेली दोन करपलेली पानं होती. पलीकडे नव्या लोकांनी सगळं उपटून हिरवळ अंथरली होती.

"आई, मेलंय ते," मुलगा म्हणाला. "उद्या लॉनवाला येतोय, काढून टाकेल."

"शेजारचं जंगल इथे कशाला?" सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लॉनवाला मशीन घेऊन कोपऱ्याकडे वळला, तेव्हा मी चपला न घालताच बाहेर गेले आणि काड्यांपुढे उभी राहिले. बोलायला शब्द नव्हता. दिवेलागणीनंतर झाडांना हात लावू नये, ती झोपतात, असं आई सांगायची. तेवढंच सुचलं.

"नो," मी म्हटलं. "स्लीप."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मशीन बंद केलं आणि तो कोपरा सोडून दिला.

"तू त्याच्याशी बोललीस?" संध्याकाळी मुलानं विचारलं. मी भाजी परतत राहिले.

आता तिथे कोवळी, सुरकुतलेली पानं आलीत. आज पहिला तुरा दिसला. दाखवायला मी कुंपणाकडे वळले, आणि मग आठवलं. पलीकडे पडदे ओढलेले होते. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं म्हटलं, "हां जी."