भिंतीवरचा बाजार

मी पदवीधर झालो तो दोघांच्या आधारावर. एक आमचे महाराज. त्यांच्या कृपेने कोल्हापुरात मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग निघालं आणि कागलच्या एका रंगाऱ्याच्या पोराला जेवण मिळालं, अभ्यासाला दिवा मिळाला. दुसरा माझा थोरला भाऊ. महाराजांविषयी पुष्कळांनी लिहिलं आहे, पुढेही लिहितील. भाईविषयी मी लिहिलं नाही तर कोणी लिहिणार नाही.

आमचा धंदा कापड रंगवायचा. मोहरमात वडील ताबूत करायचे. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, बेगड यांत भाईचा हात लहानपणीच वळला. घरात आम्ही दखनी आणि मराठी अशी मिसळच बोलत असू, पण भाई एकूण कमीच बोलायचा. पुढे तो कोल्हापुरात येऊन नाटकमंडळींचे पडदे रंगवू लागला. जंगलाचा, राजवाड्याचा, रस्त्याचा. मधल्या दिवसांत दुकानांच्या पाट्या. माझी कॉलेजची फी त्या पाट्यांतून यायची.

एका मोहरमात ताबूत पंचगंगेत सोडून आम्ही परतत होतो. भाई ओल्या पायांनी चालत म्हणाला, "बघ की, म्हैनाभर राबायचं आन् शेवटाला पाण्यात. पडद्याचं बी तेच. नाटक पडलं की पडदा धुवायचा आन् त्येच्यावर दुसरं काढायचं. दुकान बदललं की पाटी खरवडायची. माझं कायबी ऱ्हात न्हाय."

"मग तुला काय पाहिजे?" मी विचारलं.

"एक चित्र. कुणाच्या तरी भिंतीवर. तितंच ऱ्हायलं पाहिजे."

एवढंच म्हणाला आणि लाजल्यासारखा पुढे चालू लागला.

कॉलेजात आम्हाला इंग्रजी शिकवायला एक साहेब होते. कधी कधी ते आम्हा विद्यार्थ्यांना बंगल्यावर चहाला बोलावीत. त्यांच्या बैठकीच्या खोलीत चार चित्रं एका ओळीत लावलेली होती. चारही एकाच गावाची, साहेबांच्या गावाची. फार जुनं गाव, कुठल्याशा राजाने सनद दिली तेव्हापासून दर बुधवारी तिथे बाजार भरतो, असं ते सांगत. दगडी खांबांवर उभी बाजाराची इमारत, तिच्यावर घड्याळ, मागे चर्चचं टोक, नदीकडे उतरणारी वाकडी गल्ली. चित्रं काढणारे चौघे तरुण, नव्या पद्धतीचे चित्रकार. त्यांतला एक साहेबांच्या बायकोचा, म्हणजे मडमबाईंचा, धाकटा भाऊ. बाकीचे त्याचे मित्र. एका उन्हाळ्यात ते तिथे राहिले होते.

आम्हाला ती चित्रं समजत नसत. एकात गल्ली जांभळी होती. एकात घरं एकमेकांवर कलंडलेली. एकात नुसताच पाऊस, आणि पावसात कुठेतरी घड्याळ. माझ्या शेजारचा मित्र कानात म्हणाला, "म्हशीनं शेपटीनं काढलंय." चहा माझ्या नाकात गेला. साहेबांनी ते ओळखलं असावं. ते रागावले नाहीत. हे लोक गाव जसं आहे तसं काढत नाहीत, ते त्यांना जसं लागलं तसं काढतात, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

चौथं चित्र मडमबाईंच्या या भावाचं. ते मात्र आम्हाला कळायचं. भर बाजारातला चौक होता, गर्दीत टोप्या आणि झगे तेवढे ओळखू येत. मडमबाई बसायच्या ती खुर्ची बरोबर त्याच्यासमोर असे. चित्र काढल्यावर थोड्याच दिवसांत तो मुलगा जर्मन लढाईवर गेला होता आणि फ्रान्समध्ये मारला गेला होता.

त्याच चित्राला वाळवी लागली. पावसाळ्यात भिंतीतून वाळवी आली आणि चौकटीच्या मागून कापड खात गेली. कुणाला पत्ता लागला नाही. चित्र उतरवलं तेव्हा खालचा भाग मातीसारखा गळून पडला. वरचं घड्याळ, छपरं, आभाळ तेवढं उरलं. बाजार गेला. मडमबाई तीन-चार दिवस खोलीतून बाहेर आल्या नाहीत. साहेबांनी वर्गानंतर मला थांबवून विचारलं की हे भरून देईल असा कोणी कोल्हापुरात आहे का. मी भाईचं नाव सांगितलं.

भाई बंगल्यावर आला तो पायताण बाहेर काढून. चित्रांपुढे बराच वेळ उभा राहिला. मग मला हळूच म्हणाला, "ही तीन अर्धवट का सोडल्यात?" मी साहेबांचं म्हणणं त्याला सांगितलं. तो पुन्हा जांभळ्या गल्लीसमोर गेला, पुन्हा पाहिलं. "असं बी चालतंय व्हय," म्हणाला. त्या दिवसापासून त्याच्या बोलण्यात काहीतरी निराळा आनंद आला.

मूळ चित्रात बाजार कसा होता, ते साहेब सांगत आणि मी मराठीत भाईला सांगे. बायकांच्या टोप्या, लांब झगे, सफरचंदं, चीज, कोबी, कोंबड्यांच्या करंड्या. फाटक्या पडद्याला जसं मागून कापड डकवतात तसं त्याने नवं कापड डकवलं. भाईच्या दुकानात चित्र एका कोपऱ्यात झाकून ठेवलेलं असे. पडद्यांचं काम संपलं की तो तिथे बसे. मला बघू देत नसे.

चित्र तयार झालं. आम्ही दोघांनी ते चादरीत गुंडाळून बंगल्यावर नेलं. मडमबाईंनी आधी जोडावरून बोट फिरवलं. जोड कुठे आहे ते सापडेना. त्या हसल्या. मग खाली त्यांची नजर गेली.

चौकात बाजार भरला होता. टोप्या घातलेल्या, झगे घातलेल्या बायका जमिनीवर बसल्या होत्या. कुणी एक गुडघा उभा करून, कुणी मांडी घालून. पुढे फडकं, फडक्यावर कोबीचे ढीग, हातात तागडी. फार सुंदर होतं. कागलचा आठवड्याचा बाजार त्या घड्याळाखाली येऊन बसला होता.

मडमबाई हळूच म्हणाल्या, आमच्याकडे बाजारात कोणी जमिनीवर बसत नाही. मी ते भाईला सांगितलं.

"मग इकत्यात कसं?"

टेबलं मांडतात, गाड्या लावतात, त्यांच्यामागे उभे राहतात, असं साहेबांनी सांगितलं.

"दिसभर? उभ्यानं?" भाई खरोखर काळजीत पडला. "पाय दुखत न्हाईत त्येंचं?"

मी इंग्रजीत सांगितल्यावर साहेब मोठ्याने हसले. मडमबाईही हसल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. त्या मला म्हणाल्या, तुझ्या भावाला सांग, चित्र चांगलं आहे, पण हा माझ्या भावाचा बाजार नाही. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. आणि भाईचं तरी काय चुकलं? मी इतकी इंग्रजी पुस्तकं वाचली होती. विकणारा बसतो की उभा राहतो हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. बाजार म्हटल्यावर माणसं बसणार, हे आम्हा दोघांनाही सूर्य उगवण्याइतकं साधं वाटलं होतं.

चित्र परत दुकानात आलं. भाईने त्या बायकांना उभं करून पाहिलं. पुसलं, पुन्हा उभं केलं. एक दिवस मी गेलो तर ब्रश बाजूला टाकून बसला होता.

"उभी केली की सगळी गिऱ्हाइकंच दिसत्यात," तो म्हणाला. "इकणारं कोण न्हायच."

शेवटी त्याने सगळ्यांवर रंग दिला. चौकात ओले दगड काढले, पहाटेचा करडा उजेड काढला. बाजार अजून भरायचा आहे, असं. मडमबाईंनी ते पाहिलं आणि भाईचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचा भाऊ असाच पहाटे, कोणी यायच्या आत, चौकात जाऊन बसायचा, असं म्हणाल्या. साहेबांनी स्वतः खिळ्यावर चित्र अडकवलं. मृगाचे दिवस होते.

बाहेर पडून आम्ही वाटेतल्या तलावापाशी आलो. भाई म्हणाला, "लागलं बग भिंतीवर." थोडं पुढे जाऊन पुन्हा म्हणाला, "खरं माझी माणसं ऱ्हायली असती तर बरं झालं असतं."

मी म्हणालो, तू नवं चित्र काढ, तुझ्याच माणसांचं. तो हो म्हणाला. कागद आणून त्याने दोन-तीन बायका रेखाटल्याही होत्या, असं दुकानातले लोक नंतर सांगत. तो कागद कुणाला सापडला नाही.

पावसाळ्याच्या शेवटी मानमोडी तापाची साथ आली. आदल्या संध्याकाळी पडदा रंगवत असलेला माणूस दुसऱ्या दिवशी उठायचा नाही, असे ते दिवस. कॉलेज बंद, बोर्डिंग बंद. मी भाईच्या खोलीवर गेलो तेव्हा त्याला ओळख राहिली नव्हती. तापात तो बोटांनी चादरीवर काहीतरी काढत होता. पाणी पाजलं तर ओठांवरून खाली यायचं. सकाळी गेला. कबरी खोदायला माणसं मिळत नव्हती. मी आणि दुकानातल्या दोघांनी खोदली. अम्मा कागलहून बैलगाडीने आली तेव्हा माती दिलेली होती.

मी तिला घेऊन कागलला गेलो. भाईचा चाळिसावा दिवस झाल्यावर एके दिवशी ती म्हणाली, "त्यानं काढलेलं एक तरी चित्र मला दाव."

माझ्या मनात एकच जागा आली. आम्ही कोल्हापूरला आलो. बंगल्याचं फाटक उघडं होतं, पण दारं बंद. माळी झाडांना पाणी घालत होता.

"सायेब विलायतेला गेले की, पावणं," तो म्हणाला. "लढाई संपली, तवाच गेले. बाईसायबांनी सामान पेट्यांत भरून नेलं."

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने अम्माकडे पाहिलं, हात धोतराला पुसले आणि किल्ली आणली.

खोली रिकामी होती. भिंतीवर चार चौकोन होते, बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरे. वरती खिळे तसेच.

"कुठलं त्याचं?" अम्माने विचारलं.

मी शेवटचा चौकोन दाखवला. ती जवळ गेली. हात लावला नाही. नुसती बघत राहिली, चित्राकडे बघावं तशी. मला तिथे उभं राहवेना. पदवीचा अभ्यास, इंग्रजी, साहेबांनी पाठीवर दिलेली थाप, कशाचाच मला त्या वेळी उपयोग झाला नाही.

"किती दिस होतं हितं?"

"पावसाळाभर, अम्मा."

ती म्हणाली, "मग लई झालं. त्याचं कंचंच एवढं टिकलं न्हवतं."

माळ्याला तिने दुवा दिली आणि डोक्यावरून पदर घेत दाराकडे निघाली.