वितळलेल्या दोन पिशव्या

इतकी वर्षं ही गोष्ट ओठांपर्यंत येते आणि मी घोटभर पाणी पिऊन ती परत खाली ढकलतो. बायकोलाही सांगितलेली नाही. आज तुम्हाला सांगतो — मध्येच थांबलो, तर थांबू द्या.

नव्वदच्या आसपास मी बोईसरच्या एका छोट्या इस्पितळात लॅब टेक्निशियन होतो. बेटेगावच्या सुनंदाला रक्ताचा कॅन्सर. एकोणीस वर्षांची पोर. दुसऱ्या कुणाच्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, तिच्या अंगात टिकत नव्हत्या. म्हणून मध्ये ती बरी असताना मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्याच काढून गोठवल्या होत्या. रक्त वाहू लागलंच तर जवळ असाव्यात म्हणून त्यातल्या दोन पिशव्या आमच्याकडे ठेवलेल्या — पेटीत, ड्राय आइसमध्ये; हा बर्फ वितळत नाही, हवेत उडून जातो. तो रोज भरायचा, एवढंच माझं काम.

सुनंदा चिडवायची, "दादा, तुमी माहीमचे मासळीवाले ना? मंग बर्फ कमी नाय पडनार!"

एका रविवारी मी एडवणला साखरपुड्याला गेलो. तिथंच राहिलो. सोमवारी पेटी उघडली — ड्राय आइस उडून गेलेला, पिशव्या मऊ. काय करायचं होतं मला? डॉक्टरांना सांगायचं, मुंबईहून दुसऱ्या मागवायच्या. पण नोकरी जाईल, ही भीती. मी पेटी भरली. संध्याकाळी पिशव्या पुन्हा कडक.

वितळलेली मासळी परत गोठवली तर वरून तशीच दिसते, आत काही उरत नाही — हे मला, कोळ्याच्या मुलाला, कुणी शिकवायला हवं होतं?

चार दिवसांनी, भर दुपारी, तिला आणलं. नाकातून, हिरड्यांतून रक्त. तिचे वडील म्हणाले, "मुंबैला नेऊ का?" डॉक्टर म्हणाले, "काका, तिच्या पिशव्या आहेत इथे. कशाला हलवता?"

मी तिथंच उभा होतो. गाडी दारात होती. एक वाक्य — फक्त एक. नाही बोललो. कोमट पाण्यात पिशव्या मीच वितळवल्या, मीच नेऊन दिल्या. पहिली चढली. दुसरी चढली. रक्त थांबेना. मग गाडी निघाली. सुनंदा विरारपर्यंतही जगली नाही.

माझी नोकरी टिकली.

महिन्याभराने तिचे वडील इस्पितळात आले. माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "दादा, तुमी तिचं लय जपलं."

मी म्हणालो, "हो, काका."