सुटलेली होडी आणि माझी मुलगी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मला त्याचा अभिमान होता. होता म्हणते, कारण आता त्याची लाज वाटते.

नवऱ्याच्या बदलीमुळे कोलकात्याला आले तेव्हा बालीगंजच्या फ्लॅटमध्ये दिवसभर बसून माझं डोकं फिरायची वेळ आली होती. पुण्यात मी शाळेत खेळ शिकवायचे. इथे ढाकुरियाच्या तळ्यावर होडी शिकवणारे एक बंगाली गृहस्थ भेटले, सगळे त्यांना दादा म्हणतात. आम्ही दोघांनी मिळून मंडळातल्या मुलांना जंगलात न्यायला सुरुवात केली. रविवारी सकाळी तळ्यावर सराव आणि हिवाळ्यात चार दिवसांची सहल. हावड्याहून रेल्वेने ओडिशात जायचं, दोन दिवस पाठीवर सॅक घेऊन डोंगर चालायचा आणि उरलेले दोन दिवस नदीवर. दोघांनी वल्हवायची निमुळती होडी असते, कनू म्हणतात तिला. पुढचा जोर लावतो, मागचा दिशा सांभाळतो. मागची जागा मिळणं म्हणजे मुलांच्या लेखी मोठा मान.

सहलीत माझ्या मुलीने मला आई म्हणायचं नाही, सगळ्यांसारखं काकूच म्हणायचं, असा माझा नियम होता. उगाच कोणी बोट दाखवायला नको! पण खरं सांगायचं तर मी त्याच्याही पुढे गेले होते. दुसऱ्यांच्या मुलांना जे बोलता यायचं नाही ते सगळं मी तिला बोलायचे. एकावर जरा आवाज चढवला की त्याच्या आईचा फोन. त्यात एक मुलगा तर माझ्या नवऱ्याच्या साहेबांचा. त्याला काय बोलणार, कपाळ! मग माझी हक्काची होतीच. तिला चारचौघांत झापलं की बाकीचे आपोआप सरळ व्हायचे. माझ्या आईनेही हेच केलं होतं. चुलत भावाने कप फोडला की धपाटा मला.

त्या वर्षी मुलगी सोळाची होती. दर वर्षी आम्ही एका मुलाची शिफारस करतो. त्याला महिनाभर हिमालयात प्रशिक्षणाला पाठवतात आणि परत आल्यावर तो सहलीत आमचा सहायक होतो. तीन वर्षं तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. अभ्यासाच्या टेबलाच्या पायाला दोरी बांधून ती गाठी मारत बसायची. तिसऱ्या दिवशी खडकांमधून होडी काढताना तिला बघून दादा म्हणाले, "हिला पाणी कळतं. या वर्षी हीच." मी वरवर तोंड वाकडं केलं, पण आत सुखावले.

संध्याकाळी मुक्कामाला थांबलो की होड्या वाळूवर वर ओढायच्या, पालथ्या घालायच्या आणि झाडाला बांधायच्या. वरच्या धरणातून कधी पाणी सोडतील त्याचा नेम नसतो. साहेबांच्या मुलाने दोरीचे दोन वेढे एका मुळाला नुसते गुंडाळले आणि तो पळाला खेळायला. मी बघितलं. अगदी डोळ्यांनी बघितलं. म्हटलं, एवढी खिचडी उतरवते आणि मग बांधते. आणि विसरले.

सकाळी सहा होड्यांच्या जागी पाचच.

मुलं काठावर घाबरून उभी होती. तो मुलगा पायाने वाळू उकरत होता. मी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि वळले ती थेट माझ्या मुलीकडे. "तुला मागची जागा कशाला दिली? मिरवायला? सगळ्या गाठी तपासायला कोण येणार होतं, मी?" तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. ही होडी तिने बांधलीच नव्हती, गाठी तपासायचं काम तिला कोणी सांगितलंही नव्हतं. तिने एकदा त्या मुलाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "सगळ्यांची माफी माग," मी म्हणाले. ती म्हणाली, "सॉरी काकू. सॉरी सगळ्यांना." उरलेला दिवस ती सामानाबरोबर होडीच्या मधोमध बसून आली. होडी दुपारी खाली दोन वळणांवर कोळ्यांना सापडली, बांबूंत अडकलेली.

परतल्यावर साहेबांच्या मिसेस संदेश मिठाईचा डबा घेऊन आल्या. "तुमची शिस्त म्हणजे शिस्त बाई! स्वतःच्या मुलीलाही सोडत नाही." मी हसले. आतल्या खोलीत दिवा चालू होता आणि दार उघडं होतं.

त्या गेल्यावर मी आत गेले आणि न राहवून बोलून टाकलं, "गाठ तुझी नव्हती, मला माहीत आहे."

"मला माहीत होतं की तुला माहीत आहे," ती म्हणाली. "मी वाट बघत होते. नदीवर, मग ट्रेनमध्ये. हावड्याला उतरल्यावरही."

"अगं, आता काय करू मी?"

"सगळ्यांसमोर ओरडलीस ना? मग सगळ्यांसमोरच सांग. संक्रांतीच्या कार्यक्रमात सगळे असतील."

दादांनाही मी खरं सांगितलं. ते कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी मात्र चढवला. शिफारसीचा कागद सोमवारी जाणार होता. ते म्हणाले, "मुलांसमोर तिच्यावर ठपका तुम्ही ठेवलाय. तो तुम्हीच पुसा, मग मी तिचं नाव लिहितो. नाहीतर आईने मुलीला पुढे काढलं असंच म्हणतील." बरोबरच होतं त्यांचं.

रविवारी संक्रांतीच्या कार्यक्रमाला हॉल भरलेला होता. पडद्यावर सहलीचे फोटो लावले होते आणि माईक माझ्या हातात होता. वाळूवरच्या पाच होड्यांचा फोटो आला. पहिल्या रांगेत साहेब, मिसेस, त्यांचा मुलगा आणि शेजारी माझा नवरा. मुलगी मागे दाराशी उभी होती, हाताची घडी घालून. एका वाक्याचं काम होतं. गाठ हिची नव्हती, मी बघून विसरले, चूक माझी. एवढंच! घरी आरशासमोर मी ते दहा वेळा म्हटलं होतं. साहेबांच्या मिसेस कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या. मी माईक तोंडाशी नेला. मी म्हणाले, "मुलांना या सहलीत शिस्तीचं महत्त्व कळलं." टाळ्या पडल्या. मी मेलीने हात जोडून त्या घेतल्यासुद्धा.

सोमवारी दादांनी डमडमच्या एका मुलीचं नाव लिहिलं. चांगली आहे ती मुलगी, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझी मुलगी आता तळ्यावर येत नाही. भांडत नाही, रुसत नाही, विचारलं की उत्तर देते. परवा स्वयंपाकघरात माझ्या हातून दूध उतू गेलं. मी "अरे देवा!" म्हणून ओरडले, तर ती बाहेरच्या खोलीतून धावत आली आणि काय झालं ते न बघताच म्हणाली, "सॉरी."